आयसीनाममीमांसा
अर्थात चाळीस पायांच्या वस्तूची ओळख पटवण्याची फैजपुरी पद्धत

१. अनुबंध

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगण्याची आपल्याकडे चाल आहे. ती पाळतो. विषय: जुने मायक्रोप्रोसेसर आणि मेमरीच्या आयसी ओळखणे व त्यांची नोंद करणे. प्रयोजन: काही नाही. (प्रयोजन असलेल्या विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांना अनुदानही मिळते.) संबंध: जे प्रयोजनच नाही त्याच्याशी विषयाचा संबंध जोडण्याचे कष्ट वाचतात. अधिकारी: ज्याच्या माळ्यावर 'लागेल कधी तरी' या एकाच तत्त्वावर जपलेला डबा आहे, आणि त्या डब्यावरून ज्याला दर दिवाळीच्या साफसफाईत बोलणी बसतात, असा कोणीही स्त्री-पुरुष या शास्त्राचा अधिकारी होय.

आता लक्षण. काळी, आयताकृती, दोन्ही बाजूंना सारखेच पाय असलेली, पाठीवर आकडा वागवणारी आणि उलटी बसवल्यास आयुष्यात एकदाच तापणारी वस्तू म्हणजे आयसी. या लक्षणावर नैयायिक दोन आक्षेप घेतील. 'काळी' म्हटल्याने अव्याप्ती होते, कारण सुरुवातीच्या कित्येक मानाच्या आयसी पांढऱ्या सिरॅमिकच्या आणि सोनेरी झाकणाच्या असत. 'दोन्ही बाजूंना पाय' म्हटल्याने अतिव्याप्ती होते, कारण ते गोमेलाही लागू पडते. पहिला आक्षेप मान्य. दुसरा अमान्य, कारण गोमेच्या पाठीवर आकडा नसतो.

२. देशकालनिर्णय

फैजपूर हे जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यात, सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या केळीच्या पट्ट्यात आहे. डिसेंबर १९३६ मध्ये येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची. त्याच वर्षाच्या अखेरीस, लंडनमध्ये, ॲलन ट्युरिंग या तरुणाचा गणनयंत्राच्या मर्यादांवरचा निबंध छापून येत होता. आजच्या प्रत्येक संगणकाची वंशावळ त्या निबंधापर्यंत जाते. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असल्याचा पुरावा नाही. तरीही त्यांतून निष्कर्ष काढण्याचा मोह आम्ही मोठ्या कष्टाने आवरला आहे, याची नोंद व्हावी.

१९८३ साली फैजपुरात अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि त्या पिढीच्या कानावर 'एटी एटी-फाय' हा मंत्र पडू लागला. इंटेलची ८०८५ ही आयसी १९७६ सालची. पोटात साधारण ६,५०० ट्रान्झिस्टर, पाय चाळीस. जगाने तिला लवकरच मागे टाकले, पण अभ्यासक्रमाने टाकले नाही. त्यामुळे खानदेशातल्या घरांत जुन्या आयसी सापडण्याची ठिकाणे ठरलेली आहेत: मोडीत निघालेली ८०८५ ची किटे, बंद पडलेल्या एसटीडी बूथचे बिल छापणारे मीटर, आणि केळीच्या मोजणीवरून उतरवलेले पहिल्या पिढीचे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे. पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम पुण्यात जन्मले, ही माहिती पुणेकर देतीलच; म्हणून तिचा विस्तार येथे करत नाही.

ओळख पटवण्याची साधने न्यायशास्त्राने सांगितलेली तीच चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गौतम ऋषींपुढे आयसी नव्हती, तरी सोय त्यांनी करून ठेवली होती.

३. प्रत्यक्ष

प्रत्यक्ष म्हणजे पाठीवर छापलेले वाचणे. आयसी अशी धरावी की अर्धगोल खाच डावीकडे येईल. मग खालच्या ओळीतला डावीकडचा पहिला पाय तो एक नंबरचा, आणि मोजणी घड्याळाच्या उलट दिशेने. छाप पुसट असेल तर ट्यूबलाइटखाली तिरकी करावी. तरी दिसत नसेल तर तिच्यावर तोंडाची वाफ सोडावी. वाफ विरता विरता अक्षरे क्षणभर उमटतात. तेही साधले नाही तर फळ्यावरचा खडू पाठीवर हलकेच घासावा. प्रयोगशाळेत खडू हे एकमेव उपकरण असे आहे की ज्याची मागणी कधी नामंजूर होत नाही.

छापात बहुधा तीन गोष्टी असतात: कंपनीचे चिन्ह, आयसीचा क्रमांक आणि चार अंकी तारीख. तारखेतले पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ८४३२ म्हणजे १९८४ सालचा ३२ वा आठवडा. येथवर सगळे सोपे आहे. पण ७४३२ हा आकडा आला की विद्वानांत दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, ही ऑर गेटची आयसी आहे. दुसरा म्हणतो, ही ऑगस्ट १९७४ मध्ये तयार झालेली कोणती तरी आयसी आहे. दोघेही बरोबर असू शकतात, कारण ऑगस्ट १९७४ मध्ये तयार झालेली ऑर गेटची आयसी तत्त्वतः संभवते, आणि तिच्या पाठीवर तोच आकडा दोनदा असणार. ८०५१ चे प्रकरण याहून बिकट. तो आकडा १९८० सालचा ५१ वा आठवडा असाही वाचता येतो, आणि ८०५१ ही आयसी बाजारात आली तेही १९८० सालीच.

या पेचातून सुटण्यासाठी आम्ही एक सूत्र बांधले आहे: वर्षाला ५३ हून अधिक आठवडे नसतात. म्हणून ज्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ५३ च्या वर, तो तारीख असू शकत नाही. या सूत्राने ८०८५, ८०८६, ८०८८, ७४७४ आणि ७४९० यांची निर्दोष सुटका होते. ८०३१, ८०४८ आणि ८२५१ यांच्यावर संशय कायम राहतो.

प्रत्यक्षाचा शत्रू प्रत्यक्षाभास. स्वस्त आयसीची पाठ घासून, काळा थर देऊन, त्यावर महाग आयसीचे नाव छापण्याची कला जगभर आहे. अशा वेळी नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनमध्ये कापूस भिजवून पाठ पुसावी. खरे नाव असेल तर बहुधा टिकते; खोट्या नावासोबत सगळी पाठच कापसावर येते. साचातून निघताना पाठीवर उमटणारे गोल खळगे भरलेले किंवा अर्धे घासलेले दिसले, तरी तोच निर्णय द्यावा.

४. अनुमान

छाप गेला तरी पाय राहतात. 'पर्वतो वह्निमान् धूमात्' यातल्या धुराच्या जागी येथे पाय समजावेत. चौदा किंवा सोळा पाय असतील तर बहुधा ७४ मालिकेतले किरकोळ लॉजिक. चोवीस किंवा अठ्ठावीस असून पाठीवर काचेची खिडकी असेल तर ईप्रॉम. चाळीस असतील तर उठून उभे राहावे.

चाळीस पायांमध्येही भेद आहेत. मल्टिमीटर घेऊन, वीज कोणत्या पायाला जाते ते शोधावे. ८०८५ ला पाच व्होल्ट ४० व्या पायाला, ग्राउंड २० व्याला. झेड-८० ला पाच व्होल्ट ११ व्या, ग्राउंड २९ व्या. मॉस टेक्नॉलॉजीच्या ६५०२ ला पाच व्होल्ट ८ व्या, ग्राउंड १ आणि २१ व्या. १९७४ सालच्या ८०८० ला तर एका विजेवर समाधानच नाही. तिला अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच असे तीन व्होल्टेज लागतात. ८०८५ मधला शेवटचा ५ हा 'आता पाच व्होल्टवरच भागेल' अशी ग्वाही देतो. फसवणूक एवढीच की ८०५१ चेही वीज-पाय ४० आणि २०, म्हणजे हुबेहूब ८०८५ सारखे. अनुमानाने येथे थांबावे आणि नम्र व्हावे.

मेमरीत हा नम्रपणा अधिकच लागतो. साध्या सोळा पायी लॉजिकमध्ये पाच व्होल्ट १६ व्या आणि ग्राउंड ८ व्या पायाला असते. ४१६४ या डीरॅममध्ये अगदी उलट: पाच व्होल्ट ८ व्याला, ग्राउंड १६ व्याला. आयसी टेस्टरमध्ये ती लॉजिक समजून घातली की ती चटकन तापते आणि लक्षणातले शेवटचे पद सिद्ध करून जाते. ४१६४ च्या आधीची ४११६ तर तीन व्होल्टेजवाली, तिलाही सोळाच पाय. म्हणून अनुमान आधी, वीज नंतर, हा क्रम सोडू नये.

रशियन आयसींची परीक्षा पट्टीने होते. अमेरिकन आयसीत दोन पायांतले अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. सोव्हिएत मोजणी दशमान पद्धतीची, म्हणून तिथे २.५. एका फटीत फरक फक्त ०.०४ चा, पण चाळीस पायी आयसीच्या एका बाजूला १९ फटी असतात आणि शेवटच्या पायापर्यंत फरक ०.७६ मिलिमीटरवर जातो. अशी आयसी अमेरिकन बेसमध्ये बसता बसत नाही. शीतयुद्धाचा इतका नेमका पुरावा इतिहासकारांनी अद्याप वापरलेला नाही.

५. उपमान

उपमान म्हणजे ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी वस्तू जाणणे. हे साधन फैजपुरात फार प्रगत आहे, कारण येथे कॉलेजच्या व्हरांड्यात 'चौधरी सर' अशी हाक मारली की चार माणसे वळून पाहतात. म्हणून आपल्याकडे आडनावावर ओळख संपत नाही. गाव कोणते, वडील कोण, कोणाकडचे, मामाकडून कोण, इथपर्यंत चौकशी गेल्याशिवाय चहा पुढे येत नाही. आयसीचीही अशीच चौकशी केली पाहिजे.

उदाहरणार्थ २७१६. इंटेलची २७१६ ही दोन किलोबाइटची ईप्रॉम एकट्या पाच व्होल्टवर चालते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस २७१६ ला मात्र तीन व्होल्टेज लागतात. इंटेलच्या २७१६ ची खरी जोडीदार टेक्सासकडे टीएमएस २५१६ या नावाने नांदते. म्हणजे नाव सारखे ते परके आणि नाव वेगळे ते सख्खे. दुसरे उदाहरण ४००१. इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसर संचात ४००१ ही रॉम होती. पण रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात 'फोर थाउजंड वन द्या' म्हटल्यावर जी मिळते ती सीडी ४००१, चार नॉर गेटांची, चौदा पायी आणि अगदी किरकोळ. इंटेलच्या ४००१ ला सोळा पाय. दोन पायांवरून एवढा मोठा कुळभेद ठरतो.

त्या संचातली चौथी ती ४००४, नोव्हेंबर १९७१ ची, बुसिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी घडवलेली, २,३०० ट्रान्झिस्टरची. तिच्या सिलिकॉनच्या कडेला फेडेरिको फाजिन या रचनाकाराने आपली आद्याक्षरे कोरली: एफ एफ. येथे आमचे स्वतंत्र संशोधन नमूद करतो. ईप्रॉम पुसली की तिचा प्रत्येक बिट एक होतो आणि किटवर प्रत्येक पत्त्यावर एफ एफ दिसते. म्हणजे जगातली प्रत्येक स्मृतिभ्रष्ट ईप्रॉम आपल्या आदिपुरुषाचे नाव तेवढे विसरत नाही.

एकाच कुळातली शाखा-उपशाखांची ओळख प्रत्ययांवरून. ८०८५ए म्हणजे तीन मेगाहर्ट्झ. मागे '-२' असेल तर पाच. '-१' असेल तर सहा. आकडा जितका लहान तितका वेग मोठा, हे सांगितल्यावर तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक हमखास गोंधळतात. म्हणून त्यांना ते सांगू नये. मेमरीत वेगळाच प्रकार. २७१६ मधला १६ आणि ६११६ मधलाही १६ हे किलोबिट आहेत, किलोबाइट नव्हेत. आठाने भागले की खरी पुंजी निघते: दोन किलोबाइट. उत्पन्न सांगताना मोठा आकडा आणि भरताना लहान, ही रीत कंपन्यांनी कुठून उचलली, हे येथे विचारात घेतलेले नाही.

६. शब्द

शब्दप्रमाण म्हणजे आप्तवाक्य. या शास्त्रात आप्त तीन. पहिले डेटाबुक. दुसरे रमेश गावकर, ज्यांच्या ८०८५ वरील पुस्तकाने देशातल्या अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या पास केल्या. तिसरे प्रयोगशाळा सहायक. तिघांत मतभेद झाल्यास तिसऱ्याचे मत ग्राह्य धरावे, कारण कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते.

शब्दप्रमाणाच्या मोठेपणाचे उदाहरण म्हणजे ईप्रॉमची खिडकी. डेटाबुक सांगते की ईप्रॉम मुद्दाम पुसायची तर २,५३७ अँगस्ट्रॉमच्या अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. थेट सूर्यप्रकाशात ती सुमारे एका आठवड्यात पुसली जाते, आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षांत. म्हणून खिडकीवर चिकटपट्टी लावायची. आता खानदेशातल्या मे महिन्याचा विचार करा. पारा पंचेचाळीसला टेकलेला, गच्चीवर कुरडया आणि पापड, आणि कडेला पट्टी निघालेली २७३२. काही जिज्ञासूंचे मत असे की येथले ऊन हे काम एका दुपारी उरकेल. हे मत टिकणारे नाही. ईप्रॉम तापाने विसरत नाही, ४,००० अँगस्ट्रॉमच्या खालच्या प्रकाशाने विसरते; तो प्रकाश उन्हाळ्यात वाढतो खरा, पण फैजपूरच्या पाऱ्याशी त्याचे काही नाते नाही. घामाचा आणि विस्मरणाचा संबंध फक्त परीक्षार्थीपुरता आहे.

७. संचय आणि वर्गीकरण

ओळख पटली की ठेवायचे कशात? थर्मोकोलपंथी आयसीचे पाय थर्मोकोलच्या तुकड्यात खोचतात. दिसायला सुबक, पण थर्मोकोलवर स्थिर वीज साठते आणि मॉस जातीच्या आयसी ती सोसत नाहीत. काळा फोमपंथही निर्दोष नाही. तो फोम जुना झाला की चिकट होतो आणि पाय गंजवतो. या वादात आम्ही स्टेनलेस स्टीलचा मिसळणाचा डबा सुचवतो. धातूचा असल्याने स्थिर वीज साठू देत नाही, झाकण घट्ट, आणि वाट्या सात, म्हणजे वर्गही आपोआप सात:

पहिली वाटी, प्रोसेसर. दुसरी, रॅम: २११४, ६११६, ६२६४ आणि डीरॅम मंडळी. तिसरी, ईप्रॉम, खिडकीवर पट्टीसह. चौथी, मदतनीस: ८२५५, ८२५१, ८२५३, ८२७९. पाचवी, ७४ मालिका. हिची वाटी नेहमी भरलेली आणि कामाच्या वेळी हवी ती कधीच नसते. सहावी, परराज्यातल्या व परदेशातल्या प्रती: एनईसी, सीमेन्स, ओकी यांनी काढलेल्या ८०८५, आणि मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सची एखादी आयसी मिळालीच तर तीही. त्या कारखान्याला १९८९ मध्ये आग लागली, म्हणून तिला कापूस घालावा. सातवी, नाव न लागलेल्या.

'मलेशिया' असे छापलेल्या आयसी सहाव्या वाटीत घालू नयेत. इंटेलने १९७२ पासून पेनांगला फक्त जुळणी चालवली, सिलिकॉन दुसरीकडचे. जन्म एकीकडे, बारसे दुसरीकडे, असे प्रकार फैजपुरातही आहेत आणि त्यांना कोणी परदेशी म्हणत नाही.

डब्याला समांतर एक सरकारी वर्गीकरण आहे, ते जडवस्तू संग्रह नोंदवहीचे. बोलताना डेडस्टॉक रजिस्टर. त्यात 'मायक्रोप्रोसेसर किट, नग अमुक' असे लिहिलेले असते. किट जडवस्तू, पण तिच्यातली आयसी 'कन्झ्युमेबल', म्हणजे वापरून संपणारी. यातून एक गहन प्रश्न निर्माण होतो. किटचे निर्लेखन झाले की ती कागदावर मेली. तिच्या बेसमध्ये बसलेली ८०८५ मात्र कागदावर कधी जिवंतच नव्हती. मग तिचे काय होते?

८. पूर्वपक्ष: भंगार

तिचे काय होते, याचे उत्तर पूर्वपक्षाकडे आहे. पूर्वपक्ष म्हणजे भंगारवाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: "सर, नाव राहू द्या, वजन सांगा."

हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे वर्गीकरण आमच्याहून आटोपशीर आहे. वर्ग दोनच, सोनेरी आणि इतर. पांढऱ्या सिरॅमिकच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या आयसी वेगळ्या तोलल्या जातात, कारण तो मुलामा आम्लात उतरवून काढता येतो. जळगाव ही सोन्याची पेठ. तिच्या जिल्ह्यात हे ज्ञान कोणाला शिकवावे लागत नाही. शिवाय त्याची पद्धत वादातीत आहे. ७४३२ ही तारीख की नाव, यावर पंडित भांडतात. ग्रॅमवर कोणी भांडत नाही.

उत्तरपक्ष असा. तो ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलतो, त्या काट्याच्या पोटात बहुधा ८०५१ च्या कुळातलाच कोणी तरी बसलेला असतो आणि आपल्याच पूर्वजांचे वजन लाल आकड्यांत दाखवत असतो. त्या काट्याला भंगारवाला वजनावर विकत नाही. का? कारण काट्याला नाव आहे, काम आहे, आणि तो बिघडला तर कोणती आयसी बदलायची हे दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणजे पूर्वपक्षही स्वतःच्या वस्तूपुरता नाममीमांसकच आहे. वस्तू जुनी झाली म्हणून किलोवर जात नाही. तिचे नाव सांगणारे कोणी उरले नाही की मग ती किलोवर जाते.

९. सिद्धांत

यावरून पुढील कलमे ठरवली आहेत.

(अ) एका प्रमाणाने पटलेली ओळख पेन्सिलने लिहावी. दोन प्रमाणे जुळल्यावरच शाईने.

(आ) छाप आणि पाय यांत विरोध आल्यास पायांवर विश्वास ठेवावा. पाठ घासता येते. पायांतली वीज घासता येत नाही.

(इ) नोंदीत क्रमांकाबरोबर कंपनी, तारीख आणि ती कशातून निघाली हे लिहावे. 'एसटीडी मीटरमधून' एवढे दोन शब्द 'विविध' या एका शब्दापेक्षा मोलाचे आहेत.

(ई) 'विविध' हा शब्द नोंदवहीतून हद्दपार करावा. भंगाराची वाट या शब्दापासून सुरू होते.

(उ) सातव्या वाटीबद्दल विशेष तरतूद. तीत एक चाळीस पायी आयसी आहे. पाठ घासून कोरी, वाफेला आणि खडूला दाद न देणारी. वीज-पाय ४० आणि २०, म्हणजे अनुमान दोन घरांच्या दारात उभे. तिला ८०८५ च्या किटमध्ये बसवले, पाच आणि तीनची बेरीज टाकली, उत्तर आठ आले. म्हणजे घर ठरले. पण इंटेलची, एनईसीची की ओकीची, कोणत्या वर्षाची, कुठे जुळवलेली, हे चारही प्रमाणांनी सांगता येत नाही. नोंदवहीचे रकाने अशा वेळी अडून बसतात: नाव द्या, नाहीतर खोडा. तिथे नावाच्या रकान्यात रेघ ओढावी, नग १ लिहावे आणि शेऱ्यात 'चालते' असे शाईने लिहावे. चालणाऱ्या वस्तूला नाव नसले, तरी तिचे वजन करू नये.